निरोगी वाडीचा सत्कार

आमच्या वाडीत बातमी यायची ती भोंग्यातून, आणि ती फक्त आमच्या तब्येतीची असायची. बाकी जगात काय चाललंय, कोण निवडून आलं, कोण पडलं, हे आम्हाला कळवायला कुणी येत नसे. पण आमचं पोट, आमची छाती, आमचे दात आणि आमची नखं यांची चौकशी करायला सरकारची जीप दर पंधरवड्याला लांज्याहून निघायची, डांबरी रस्ता संपला की कातळाच्या सड्यावरून आदळत आपटत यायची आणि वाडीच्या वरच्या अंगाला जांभळीखाली उभी राहायची. आधी सिनेमातलं एक गाणं लागायचं. ते अर्ध्यावर तोडून आवाज यायचा, "आदिवासी बंधू-भगिनींनो, ऐका आरोग्यवार्ता." आम्ही कातकरी. गावातल्या विहिरीवर गेलो तर कुणी वरून पाणी ओतेपर्यंत हंडा घेऊन लांब उभं राहायचं, हे ठरलेलं. भोंग्यातून मात्र आम्ही एकदम बंधू-भगिनी. माझा बा विडी विझवत म्हणायचा, "येवडी भावाबहिणीची माया हाय तर येक दिस जेवाया बोलवा म्हनावं."

वार्ता कसल्या असायच्या तेही सांगते. रोज दूध प्या, आठवड्यातून निदान दोनदा अंडी खा, शक्य झाल्यास सफरचंद खा. सफरचंद मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नानंतर, आणि खाल्लं तेव्हा एवढं काय ते कळलं नाही. पाणी उकळून प्या, असं आरोग्यखातं सांगायचं, आणि पाणी उकळायला मोळी आणली की जंगलखातं ती काढून घ्यायचं. दोन्ही खात्यांचं आपसात बोलणं नसावं. एकदा आलं, उंदीर हे रोगाचं घर आहे, उंदरांचा नायनाट करा. ही एकच वार्ता आमची वाडी सरकारच्या आधीपासून पाळत आली होती. भात कापणी झाली की बा बांधातल्या बिळात धूर सोडायचा, मी दुसऱ्या तोंडाशी टोपली धरून बसायची, आणि संध्याकाळी निखाऱ्यावर मीठ-मिरची लावून नायनाट चालायचा. आय माझ्या वाटणीला पाठीचा तुकडा काढून ठेवायची. त्या वासानं अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण हे सुनेसमोर बोलायची सोय नाही. ती नाक दाबते आणि पाकिटातली कोंबडी आणायला जाते.

घर आमचं कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, वर पेंढा. खाली ओहोळ होता, तो पुढे मुचकुंदी नदीला मिळतो. सकाळी आय ओहोळावर जायची, दगडाखाली हात घालून खेकडे काढायची, नांगी बोटाला लागली तर खेकड्याच्या आईचा उद्धार करायची, आणि ते ठेचून असं काही कालवण करायची की नाचणीची भाकरी पुरत नसे. मोठ्या तोंडाची, तापट बाई. तिच्या शिव्या आणि तिचा खोकला हे आमच्या घराचे दोन आवाज. खोकला तर इतका ठरलेला, की ती कुठे आहे हे शेजारणी विचारायच्यासुद्धा नाहीत, "ठमी खाली हाय" असं आपसात सांगून सरळ ओहोळाकडे चालायला लागायच्या. ठमी हे तिचं नाव. आम्हा पोरांच्या तोंडी ते कधीच येत नसे. पोरानं आईचं नाव घेतलं की तिचं आयुष्य कमी होतं, असं आय सांगायची, आणि माझ्या धाकट्या भावानं एकदा गंमत म्हणून घेतलं तेव्हा त्याला तिनं ओहोळापर्यंत पळवत नेला होता.

त्या खोकल्याचं नाव पहिल्यांदा सांगितलं नर्सबाईंनी. त्या पूर्णगडच्या. समुद्राकाठची बाई, मासळीशिवाय घास उतरत नाही, आणि नेमणूक झाली आमच्या सड्यावर. एसटीतून उतरून छत्री टेकत चालत यायच्या, आल्या की जांभळीखाली बसून आधी नशिबाला बोल लावायच्या आणि मग पेटी उघडायच्या. त्यांनी आयची थुंकी बाटलीत नेली आणि पुढच्या खेपेला सांगितलं, क्षय आहे. सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. आय सुईही घ्यायची आणि भगताचा अंगाराही लावायची, कुणा एकाला वाईट वाटायला नको म्हणून. नर्सबाई तिला दर वेळी बजावायच्या, "ठमे, मध्ये सोडायचं नाही हो. सोडलंस की पहिल्यापासून सुरू, आणि दुसऱ्यांदा औषध लागू पडेल असं मी लिहून नाही देणार." पावसाळाभर आयनं सोडलं नाही. भात पोटरीला आलं तोवर खोकला उतरला होता, अंगावर जरा मांस आलं होतं, आणि शिव्यांना पहिल्यासारखा दम आला होता. आम्ही सगळे खूश होतो.

ह्याच दिवसांत मोहिते सायब मला सापडले, म्हणजे मी त्यांना सापडले. भोंग्यातला आवाज त्यांचा. सातारकडचे, काळा गॉगल, बोलणं ऐसपैस. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांना बदली हवी होती घराकडे, आणि बदलीसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. एकदा त्यांच्या ध्यानात आलं की वार्ता चालू असताना वाडी हसते. त्यांनी विचारलं, "काय राव, कशाला हसतायसा?" कुणी सांगेना. मी लांज्याच्या आश्रमशाळेत सातवीला होते, सुट्टीवर आले होते, मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "सायब, तुमची भाषा अर्ध्यांना कळत नाही. गाणं संपलं म्हणून हसतात." त्यांनी गॉगल काढून मला नीट बघितलं आणि माईक माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी वाडीत असले की कागद त्यांचा आणि बोली माझी. "समतोल आहार घ्यावा" असं कागदावर असलं की मी आमच्या बोलीत सांगायची, मिळेल ते खा पण नवऱ्यांनो, बायकोला आधी वाढा. "वैयक्तिक स्वच्छता राखावी" याचं मी करायची, लहू मामा, आज तरी आंघोळ कर. वाडी पोट धरून हसायची. लहू मामा म्हणजे आयचा भाऊ, लाकूडतोडीत त्याच्यासारखा गडी आमच्यात नव्हता, आणि पाण्याशी त्याचं वैर होतं. मोहिते सायबांना आमची बोली कळत नसे, त्यांना वाटायचं, संदेश पोचतोय. आय जांभळीला टेकून उभी राहायची आणि जवळच्या बाईला कोपरानं ढोसून सांगायची, "माजी हाय ती."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. जीप आली की काहीतरी वाटप असायचंच. कधी साबणाची वडी, कधी लाल गोळ्या, कधी प्लास्टिकचा मग. ते मिळायचं पुढे जाणाऱ्याला. कशासाठी पुढे बोलावतायत हे आमची माणसं बघत नसत. डोळे आलेल्यांनी पुढे या म्हटलं की ज्याचे डोळे लख्ख तोही चोळत चोळत पुढे. एकदा गरोदर बायकांना बोलावलं तर रांगेत शेवटी धोंडू म्हातारा उभा. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यालाही गोळ्या दिल्या. तो त्या भक्तिभावानं खात असे.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. हे दर वर्षीचं. भात झालं की आमची वाडी उठायची ती साखरप्याच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्यांवर जायची, आणि होळीच्या पुढे परतायची. पोरं, कोंबड्या, तवा, कुऱ्हाडी सगळं ट्रकात. दाराला कुलूप कुणाकडे होतं, वेल तोडून कडी बांधली की झालं. मागे राखणीला धोंडू म्हातारा. आयनं नर्सबाईंकडून थोड्या दिवसांच्या गोळ्या पदराला बांधून घेतल्या. बाई म्हणाल्या, "मी वर लिहिते, तिकडच्या केंद्रात तुझी सुई पाठवायला सांगते." मला आश्रमशाळेत सोडून सगळे गेले. आणि नेमकी त्यानंतरच आमच्या रिकाम्या वाडीत तपासणीची मोठी तुकडी आली. घरोघरी फिरली. ताप कुणाला नाही, खोकला कुणाला नाही, खरूज नाही, हगवण नाही. धोंडू म्हाताऱ्याला विचारलं, वाडीत आजारी कोण? तो म्हणाला, "हितं कोनच आजारी नाय." अगदी खरं तेच बोलला बिचारा. वाडीत माणूस नाही हे तुकडीतल्या कुणालाच दिसलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. पण त्यांच्या कामाचं नाव रोगी शोधणं होतं, माणसं शोधणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असणार.

तर आमची वाडी निरोगी ठरली. मोहिते सायब स्वतः आश्रमशाळेत आले, बरोबर पेढे. "पोरी, आख्ख्या भागात आपला नंबर आला. रत्नागिरीहून मोठे डॉक्टर येणार, वाडीचा सत्कार व्हणार, आणि भोंग्यावर तू बोलणार." मी पेढा खाल्ला, मग विचारलं, "सायब, आयची सुई सुरू झाली का तिकडे?" त्यांचा चेहरा जरा उतरला. नर्सबाईंनी लिहिलं होतं म्हणे, पण वरून उलटून विचारलं गेलं, की ही वाडी निरोगी आहे, तर हिच्या नावानं औषध कशाला? आता हे कार्यक्रम होईपर्यंत तसंच राहू दे, नंतर बघू. "निरोगी वाडीत क्षय कसा दाखवायचा, तूच सांग," असं ते मलाच म्हणाले, अगदी आपुलकीनं. मला रडायला आलं नाही, राग आला. गोळ्या किती दिवसांच्या होत्या ते मला माहीत होतं, आणि त्या केव्हाच संपल्या होत्या.

सत्कार करायचा तर माणसं हवीत, हे शेवटी सरकारच्याही लक्षात आलं. मग भट्टीवरून वाडी परत आणायला ट्रक पाठवला. शिरा-पुरीचं जेवण आहे म्हटल्यावर मुकादमही आला. मला शाळेतून आदल्या दिवशी आणलं होतं. मी जांभळीखाली उभी राहून ट्रकातून उतरणारी माणसं बघत होते. सगळी कोळशानं काळी, दात तेवढे पांढरे, त्यामुळे आधी आय ओळखूच येईना. मग खोकला ऐकला. पहिल्यासारखा नव्हता तो, खोल गेला होता, दर ढासेला ती गुडघ्यांवर हात टेकून थांबत होती. ओहोळावर खेकड्याशी भांडणारी माझी आय ट्रकाच्या फळीला धरून उतरली आणि मला म्हणाली, "बारीक झालीस गो. शाळंत वाढत नाय काय?" तिच्याच मनगटाची हाडं वर आली होती. नर्सबाई तिथेच होत्या, त्या बघून तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मांडव मोठा घातला होता. आंब्याला मोहर आलेला, त्याच्या वासात शिऱ्याच्या तुपाचा वास. मंचावर पांढरी चादर अंथरलेलं टेबल, हार, नारळ, आणि कापडानं झाकलेली पत्र्याची पाटी, तिच्यावर "निरोगी वाडी" लिहिलेलं. मोहिते सायबांनी सकाळीच माणसं निवडली होती. धडधाकट ती मांडवात पुढे, लहू मामा अगदी पहिल्या रांगेत, छाती पुढे काढून. खोकणारी, लंगडी, फार हडकलेली, त्यांना मागे गोठ्याच्या आडोशाला बसवलं, आणि तिकडे आधी जेवायला वाढलं, म्हणजे ती हलू नयेत. आय तिकडे. सायबांनी तिला स्वतः समजावलं होतं, "मावशी, तुमच्या लेकीचा आज मोठा दिवस. जरा खोकला धरा." आणि आयनं, जिनं जंगलखात्याच्या शिपायाला कोयता दाखवला होता, त्या बाईनं मान हलवली. लेकीचा मोठा दिवस होता ना.

भाषणं झाली. आदिवासी बांधव निसर्गाच्या कुशीत राहतात, त्यामुळे मुळातच निरोगी असतात, असं कुणीतरी म्हणालं, मग आरोग्यखात्यामुळे निरोगी झाले असंही म्हणालं. मोठे डॉक्टर टेबलाशी बसून घड्याळ बघत होते, सुकलेला, न बोलणारा माणूस, भूक लागलेली असावी. मग मोहिते सायबांनी माझ्या हातात कागद दिला. त्यात होतं, आमच्या वाडीत आज एकही रुग्ण नाही, याचं सारं श्रेय अमुकांना आणि तमुकांना. मी कागद धरला आणि आमच्या बोलीत बोलायला लागले. इथं पुस्तकी करून लिहिते. मी म्हटलं, "रत्नागिरीचा मोठा डॉक्टर आलाय. ज्याला खोकला आहे त्यानं इथं पुढे या. फक्त खोकल्याचं आहे, दुसरं काही सांगू नका. चांगलं खोकून दाखवा." मोहिते सायब माझ्या शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला समाधानानं मान डोलावत होते.

आधी धोंडू म्हातारा उठला, आणि मग सगळा मांडवच उठला. काय मिळणार आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मिळणार आहे एवढं कळलं होतं. धडधाकट म्हणून निवडलेली माणसं छातीवर मूठ आपटत खोकत मंचाकडे निघाली. पोरांनी तर असा खोकला काढला की कावळे उडाले. बायका एकमेकींना शिकवत होत्या, जरा वाकून खोक, वाकून. मागच्या आडोशातली माणसं द्रोण हातात धरून आली, त्यांना मात्र शिकवावं लागलं नाही. लहू मामा खोट्यानं खोकायला लागला, आणि मग त्याला तो थांबवताच येईना, डोळ्यांतून पाणी काढत तो मंचाच्या खांबाला धरून राहिला. मोहिते सायब माझ्या कानाशी म्हणाले, "आगं, काय सांगितलंस काय यांना?" मी आयला शोधत होते. सगळे आले, आय आली नाही.

ती आडोशालाच बसून होती. मला मंचावरून दिसत होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे हलतायत, आणि खोकला धरून ठेवलाय. सायबांना शब्द दिला होता ना तिनं. मी भोंग्यातून म्हटलं, "आय, ये." तिनं मान हलवली. पुन्हा म्हटलं, "आय, तुझ्यासाठीच आहे हे." ती हलेना, उलट मला हातानं खुणावू लागली, तू बोल, तू छान बोल. डॉक्टर खुर्चीतून उठले होते, जीपकडे बघत होते. ते गेले असते तर आयची सुई निरोगी वाडीत पुरली गेली असती. मी माईक तोंडाला लावला आणि ओरडले, "ठमे, उठ. गो ठमे, हितं ये."

खोकणारेसुद्धा थांबले. भोंगा चांगला होता, "ठमे" सड्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेलं आणि परत आलं. आयनं तोंडातला पदर काढला. तिचा चेहरा मी आजवर विसरलेले नाही. ती उठली, गोठ्याचा खांब सोडला आणि माणसं बाजूला सारत तीरासारखी माझ्याकडे आली. वाटेत ती काय काय म्हणाली ते छापता येणार नाही. मंचावर चढली, माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली, तो आवाजही भोंग्यातून गेला, आणि दुसरी मारायला हात उचलला तसा तिला खोकला आला. सकाळपासून धरलेला सगळा आला. ती टेबलाला धरून खाली बसली, चादर तिच्या मुठीत आली, हार-नारळ खाली. चादरीवर लाल डाग पडला. डॉक्टर वाकून बघत राहिले, मग त्यांनी मोहिते सायबांना शांतपणे विचारलं, "ह्या कुठल्या वाडीच्या?" सायबांनी पाटीकडे बघितलं. पाटी अजून झाकलेलीच होती.

पुढचं थोडक्यात. डॉक्टर जेवले नाहीत. नर्सबाईंना म्हणाले, सगळ्यांची थुंकी घ्या, आणि नर्सबाईंना बाटल्या पुरल्या नाहीत. आमची वाडी एका दुपारात सगळ्यांत निरोगीची सगळ्यांत रोगट झाली. खोटे खोकणारे कितीतरी होते, पण त्यांच्यात खरेही निघाले, आणि पहिल्या रांगेतला लहू मामा त्यातलाच एक. त्याला कुणी आजारी म्हटलं असतं तर आम्हीच हसलो असतो. ठरलं असं, की भट्टी जिथं, औषध तिथं. साखरप्याच्या केंद्रात सगळ्यांच्या सुया पोचल्या, आणि आय-मामा बहीणभाऊ रानातून भांडत खाली यायचे आणि भांडत वर जायचे, होळीनंतर वाडीत आले की नर्सबाईंकडे, असं दीडेक वर्ष. मोहिते सायबांची बदली झाली, पण घराकडे नाही, आणखी लांब. जाताना मला साबणाची वडी देऊन गेले. म्हणाले, "गुणाची हायस, पण कागद वाचत जा." पाटी तिथंच पडून होती. आयनं ती कोंबड्यांच्या खुराड्यावर घातली. पत्रा चांगला होता, कोंबड्या पावसात कोरड्या राहिल्या.

हल्ली आरोग्यवार्ता माझ्या मोबाईलवर येते. रोज मोकळ्या हवेत चालायला जा, ताजी फळं खा, ताण घेऊ नका. जीप लागत नाही, भोंगा लागत नाही, आणि पुढे गेलं तरी प्लास्टिकचा मगसुद्धा मिळत नाही. आय होती तोवर मी तिला वाचून दाखवायची. पुष्कळ वर्षं जगली ती, नातवंडांना खेकडे धरायला शिकवलंन, सुनांना शिव्या शिकवल्यान. पण मला माफ केलं नाही तिनं. काही दुखलं-खुपलं आणि मी दवाखान्यात चल म्हटलं की तोंड वाकडं करून म्हणायची, "का, आज भोंगा नाय काय? घे की नाव." आणि कुणी नवीन माणूस आलं की सांगायची, ह्या पोरीनं माझं आयुष्य कमी केलंन. सांगताना हसू दाबायची.

गेल्या वर्षी गेली. सकाळी, चुलीशी बसल्या बसल्याच. भाऊ माणसं बोलवायला धावला, घरात मी आणि ती दोघीच. मी तिला हाका मारल्या, आय, आय गो. उठली नाही. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी दार लावलं, तिच्या कानाशी बसले आणि ओरडले, "ठमे, उठ." थोडा वेळ मी तशीच थांबले, गाल पुढे करून.